न मागितलेली पाणबुडी

समुद्र आमच्या घरातल्या कोणीही धड पाहिलेला नव्हता. चौपाटीवर भेळ खाताना समोर जो दिसतो तेवढाच आमचा त्याच्याशी संबंध, आणि तेव्हाही आईची पाठ समुद्राकडे नि नजर आमच्या चपलांवर असे. पण मी बी.एस्सी. झाले त्या उन्हाळ्यात, बायकांनी पाणबुडीवर जावं की नाही या एकाच विषयावर आमच्या बुवापाड्यातल्या खोलीत इतकं बोलणं झालं की कोणा परक्याने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, अंबरनाथला बंदर आहे आणि भरती आमच्या ओट्यावरून चालते. मी स्वतः आजपर्यंत पाणबुडीत पाऊल ठेवलेलं नाही. त्या वेळी मला कोणी पाणबुडी देऊही केली नव्हती. तरी भांडण झालं ते पाणबुडीवरच, आणि ते कसं झालं ते लिहून ठेवावं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आमच्या दोन खोल्या म्हणायच्या, पण मधली भिंत बाबांनी नंतर घातलेली प्लायवूडची. बाबा फॅक्टरीत फिटर होते, त्यामुळे भिंत अगदी गुण्यात, काटकोनात सरळ होती, पण तिच्यातून सगळं ऐकू यायचं. पलीकडे आई भाकरी थापायची ते अलीकडे अभ्यास करताना हाताखाली जाणवायचं. सकाळी नळ यायच्या आधी पाइपात घरघर व्हायची, मग फॅक्टरीचा भोंगा, मग शेजारच्या खोलीतलं शिलाई मशीन, आणि वारा फिरला की एमआयडीसीकडून केमिकलचा वास. त्या वासावरून आई सांगायची की आज कपडे आत वाळत घाला. बाबा, आई, मी आणि माझ्या दोघी धाकट्या बहिणी एवढे आम्ही तिथे राहायचो. चाळीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून सार्वजनिक संडास, तिथवर एक लांब बोळ, आणि त्या बोळातून हातात टमरेल घेऊन जाणाऱ्या माणसाला कुठे चाललात असं विचारायचं नाही, एवढी सभ्यता आमच्या चाळीत सगळ्यांना होती.

बापूकाका हे बाबांचे थोरले भाऊ. नेव्हीतून रिटायर होऊन बदलापूरला राहत होते. सगळी नोकरी त्यांनी पाणबुडीत काढली होती आणि ती त्यांच्या अंगातून गेली नव्हती. दर रविवारी विहारातली वंदना आटोपून ते आमच्याकडे जेवायला यायचे. आल्याबरोबर मागे वळून दार घट्ट लावायचे आणि हाताने दाबून बघायचे. जेवताना ताटाभोवती डावा हात कुंपणासारखा ठेवायचे, कारण पाणबुडी कधी कलेल ते सांगता येत नाही. आंघोळीला त्यांना एक तांब्या पुरायचा. झोप तर कुठेही, कशीही, बसल्या बसल्यासुद्धा. आम्हा मुलींना ते फार आवडायचे. आई मात्र त्यांच्याशी थेट बोलत नसे. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे विचारायचं ते मुलांमार्फत विचारायचं, अशी तिची जुनी सवय. "शोभा, काकांना विचार, आणखी कालवण हवं का," असं ती मला म्हणायची. काका तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचे. तेही मलाच उत्तर द्यायचे.

त्या उन्हाळ्यात मला भोपाळहून मुलाखतीचं बोलावणं आलं. नौदलात तेव्हा नुकतंच बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला लागले होते. मी पेपरातली जाहिरात पाहून, कोणाला न सांगता, शिक्षण शाखेसाठी अर्ज केला होता. शिक्षण शाखा म्हणजे वर्गात उभं राहून खलाशांना गणित शिकवायचं. वर्ग जमिनीवर. जमीन पक्की. हे मी बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. पण आमच्या सबंध नात्यागोत्यात नेव्ही म्हणजे बापूकाका आणि बापूकाका म्हणजे पाणबुडी. मधे दुसरं काही असू शकतं यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. "नेव्ही म्हणे," बाबा आईला म्हणाले. "म्हणजे पाण्याखाली." आणि तिथून पुढे मी पाण्याखालीच राहिले.

घरातल्या मोठ्या गोष्टी आमच्याकडे रविवारच्या बैठकीत ठरत. बैठक म्हणजे जेवणानंतर सतरंजीवर बसलेले पुरुष. त्या रविवारी बापूकाका होते, वांगणीहून भाजी विकायला आलेला माझा मामा होता, आणि बाबांचे दोस्त तुलसी अंकल होते. तुलसी अंकलचा उल्हासनगर कॅम्प पाचला जीन्स शिवायचा कारखाना होता. सुट्टीच्या दिवशी बाबा त्यांची मशिनं दुरुस्त करून देत, आणि त्या बदल्यात ते आमच्याकडे मटण खायला आणि मत द्यायला येत.

"पोरगी पान्याखाली कशी र्‍हायल?" मामाने सुरुवात केली. "आमच्या कोंबड्या बी खुराड्यात रातच्याच र्‍हातात. दिवसाच्या त्यांना बी भायेर सोडावं लागतं."

"मामा, मी पाण्याखाली जात नाहीये," मी म्हणाले.

"तू गप बस. मोठी मानसं बोलतात."

तुलसी अंकलना यात अडचणच दिसत नव्हती. "साईं, प्रॉब्लेम क्या है? माझ्या पोटमाळ्यावर एवढ्या बायका बसतात शिवायला. हवा नाय, खिडकी नाय, मान वर केली तर डोकं लागते. पाणबुडी तो सरकारी माल है, पंखा तरी असेलच ना?"

"पंख्याचा प्रश्न नाही," बाबा म्हणाले. ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "आत काही झालं तर दार उघडता येत नाही. बापू आत असायचा तेव्हा आमची आई जेवायची नाही. पत्र नाही, फोन नाही. आहे की नाही तेच कळायचं नाही. मला ते पुन्हा नको."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. दोन्ही एकदम. ज्या पाणबुडीत मी जाणारच नव्हते तिच्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागलेला. भोपाळला त्यांच्या होकाराशिवाय मी जाऊ शकले असते, वयाने सज्ञान होते. पण आमच्या घरात असं कोणी काही करत नसे, आणि बाबांना पाठ दाखवून गाडीत बसणं माझ्याने झालं नसतं. म्हणजे सगळं त्यांच्या एका 'जा'वर अडलं होतं.

पुढे काय झालं ते सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण त्यात शहाणपण काहीच नव्हतं. शिक्षण शाखा, शिक्षण शाखा असं घसा कोरडा होईपर्यंत सांगून झाल्यावर एके दिवशी मी तो शब्दच सोडला. नळावर दोन बायका आपसांत म्हणत होत्या, "पुरुषांच्यात पाणबुडीत बाईमाणसाला आडोसा कुठे मिळणार?" आणि दुसरी हंडा लावता लावता म्हणाली, "इथे कुठे आहे?" ते ऐकून मला काय झालं कोण जाणे. मी घरी आले आणि बाबांना म्हणाले, "हो, जाईन पाणबुडीत. बाई म्हणून का नाही जायचं ते सांगा." त्या दिवसापासून मी न मागितलेल्या पाणबुडीसाठी अशी भांडायला लागले की जणू ती कल्याणच्या खाडीत माझ्यासाठी उभी होती. बाबा कामावरून आले की चहाआधी आमची जुंपायची. ते म्हणायचे, बायकांना उष्मा सोसत नाही. मी म्हणायचे, चुलीपुढे कोण बसतं? ते म्हणायचे, वास. मी म्हणायचे, एमआयडीसी. ते म्हणायचे, आणि हवा खायला जरा बाहेर जावंसं वाटलं तर? इथे मी जरा अडखळायची, कारण मला तर सारखंच बाहेर जावंसं वाटायचं.

परवा भाचीने मला फोनवर कुठल्याशा चर्चेचा व्हिडिओ दाखवला. पाणबुडीवर बायका असाव्यात का, टाय लावलेले चार जण भांडत होते. जागा नाही, आडोसा नाही, उष्मा. मी तिला म्हटलं, बंद कर, यातलं सगळं आमच्याकडे बोलून झालंय, आणि आमच्याकडे निदान मटण तरी होतं.

शेवटी कंटाळले ते बापूकाका. बुद्धपौर्णिमेची खीर खायला आले होते आणि आमचं भांडण ऐकून त्यांनी वाटी खाली ठेवली. "तुम्ही कोणी पाणबुडी बघितलीय का?" ते म्हणाले. "एक काम करा. येत्या रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हीच खोली पाणबुडी. दार-खिडक्या बंद. ज्याला बोलायचंय त्याने आत बसून बोलायचं. जो टिकेल त्याचं मत धरायचं." बैठकीला ही कल्पना एकदम पटली, कारण त्यात काही खर्च नव्हता.

रविवार उजाडला तो असा की सकाळीच पत्रे तापून कडकड वाजायला लागले. काकांनी नेमके नियम सांगितले. पंखा नाही. दिवा एक, तोही लहान. धुण्यासाठी माणशी एक ग्लास पाणी. कॉट एकच, त्यावर पाळीपाळीने झोपायचं. आवाज चढवायचा नाही. आणि आत गेलेलं माणूस बाहेर जाणार नाही. तेव्हा मामाने हात वर केला.

"आनि संडासला?"

आता खऱ्या पाणबुडीत हा फार मोठा प्रश्न असतो. काका म्हणाले, तिथे संडासला जायचं तर आधी विचारावं लागतं, कारण चुकीची झडप फिरवली तर समुद्रच आत येतो. पण आमचा संडास चाळीच्या टोकाला होता. काकांनी जरा विचार केला आणि निर्णय दिला, "बोळ पाणबुडीतच धरायचा. परवानगी मागून जायचं, काम झालं की परत." ही त्यांच्या सबंध कारकिर्दीतली एकमेव चूक असावी.

आत आम्ही आठजण. चार पुरुष, आई, मी आणि दोघी बहिणी. तुलसी अंकलनी पाणबुडीतल्या जेवणासाठी म्हणून कॅम्प पाचमधून बंद डबे आणले होते, डब्यावर गोऱ्या बाईचं चित्र आणि आत वाटाणे. आईने एक डबा उलटसुलट करून पाहिला, बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, "काकांना विचार, पाणबुडीत स्टो चालतो का?" काका मला म्हणाले, "सांग तिला, स्वयंपाक होतो. आणि डिझेलचा वास कपड्यातून महिनाभर जात नाही, तोही पाहिजे." आईने तेवढंच ऐकलं. तिने स्टो पेटवला, तव्यावर सुकट टाकली आणि भाजायला घेतली.

बंद खोलीत सुकट भाजणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आधी डोळे चुरचुरले. मग घशात उतरलं. मग ते भिंतीवर, कपड्यांवर, केसांत जाऊन बसलं आणि तिथून पुन्हा आमच्याकडे यायला लागलं. तुलसी अंकलनी रुमाल नाकाला लावला आणि काकांकडे वळले. "कॅप्टनसाब, परमिशन?" काकांनी मान हलवली. अंकल टमरेल उचलून गेले ते गेलेच. दुपारी माझी धाकटी बहीण संडासला जाऊन आली आणि तिने बातमी आणली की अंकल नाक्यावरच्या हॉटेलात पंख्याखाली बसून लस्सी पितायत आणि टमरेल टेबलावर शेजारीच ठेवलंय.

मामा जेवण होईपर्यंत टिकला. सुकट आणि तांदळाची भाकरी त्याने मन लावून खाल्ली, कॉटवर आपली पाळी झोपून घेतली आणि उठून म्हणाला, "पोट बिघडल्यासारं वाटतंय." तो बोळाच्या टोकाला, जिथे रेल्वेकडचा वारा येतो, तिथे पायरीवर बसलेला सापडला. विचारलं तर म्हणाला, "मी पानबुडीतच हाय. बोळ पानबुडीतच धरलाय ना?"

बाबा मात्र हट्टी माणूस. बनियन घामाने चिकटलेलं, तोंड लाल, तरी भिंतीला टेकून बसून राहिले, कारण ही मुळात त्यांची लढाई होती. माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे बघायची. माझी अवस्था काय सांगू? मला भोवळ येत होती. एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती की खऱ्या पाणबुडीत मी तासभरही टिकणार नाही, आणि हे मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं मी ठरवत होते. शेवटी बाबांनी चारचा चहा मागितला. काका म्हणाले, गरम चहा मिळेल, गार वारा मिळणार नाही. चहा पोटात गेल्यावर बाबा उठले, कोणाकडेही न बघता टमरेल घेतलं आणि परवानगी न मागता बाहेर पडले. नंतर शेजारच्या काकूंनी आईला कौतुकाने सांगितलं की तुमचे मालक किती सज्जन, संडासाच्या रांगेत उभे होते आणि मागून येईल त्याला आपला नंबर देत होते. अख्खी चाळ पुढे गेली तरी ते रांगेतच.

आत उरलो आम्ही बायका आणि बापूकाका. काका भिंतीला टेकून शांत झोपले होते. दोघी बहिणी लादीवर पाय पसरून गोट्या खेळत होत्या. आईने भांडी एका ग्लास पाण्यात घासली, तांदूळ निवडले, माझ्या ब्लाउजचं तुटलेलं हूक शिवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की करायला काही उरलेलं नाही. दार बंद असल्यामुळे कोणी मीठ मागायला आलं नव्हतं. कोणी पाहुणा टपकला नव्हता. नळ सुटला तरी कोणी हाक मारली नव्हती. ती कॉटवर बसली. मग, मी कधी पाहिलं नव्हतं, ती भरदिवसा आडवी झाली.

काका जागे झाले तेव्हा तीही उठून बसली. पदर सावरला. मी सवयीने पुढे सरकले, निरोप न्यायला. पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "पाणबुडीत कपडे कोण धुतं?"

काका दचकले. इतक्या वर्षांत तिने त्यांना थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. "कोणी नाही," ते म्हणाले. "पाणीच नसतं. ठरावीक दिवस घालायचे आणि टाकून द्यायचे."

"टाकून?" आई म्हणाली. "धुवायचेच नाहीत?"

"नाही."

"आणि स्वयंपाक?"

"त्याला वेगळा माणूस असतो. बाकीच्यांनी ताट घेऊन बसायचं."

"पाहुणे?"

काका हसले. "पाण्याखाली कुठले पाहुणे?"

दार किलकिलं झालं. दिवे लागले होते, आणि बाबा, मामा आणि तुलसी अंकल एकामागोमाग टमरेलं घेऊन आत येत होते, चेहऱ्यावर असे भाव की आम्ही काय, आत्ताच गेलो होतो. आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"काम किती तास असतं?"

"चार तास ड्यूटी," काका म्हणाले. "मग आठ तास सुट्टी. मग पुन्हा चार तास."

"आठ तास?"

"आठ."

"सगळ्यांना? की नुसतं साहेबांना?"

"सगळ्यांना. त्या आठ तासांत कोणी उठवत नाही. उठवलं तर शिक्षा होते."

तुलसी अंकलनीसुद्धा काही मत दिलं नाही. आई उठली, खिडकी उघडली, आणि बाहेरचा वारा आत आला तसं तिने बाबांकडे वळून अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मग शोभाचं राहू द्या. मलाच पाठवा."

मामा हसायला लागला आणि मधेच थांबला, कारण आई हसत नव्हती. थट्टा करताना तिचा चेहरा कसा होतो ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि तो हा नव्हता. बाबा दारातच उभे होते. हातात टमरेल. ते आईकडे बघत राहिले, जणू ती कुठेतरी निघालीच आहे आणि गाडी सुटायला थोडाच वेळ आहे.

"शोभा जाऊ दे भोपाळला," शेवटी ते म्हणाले. "तिची मुलाखत आहे, तिने जावं. पण तू जाऊ नकोस."

"बघते," आई म्हणाली, आणि रात्रीच्या भाताला आधण ठेवायला आत गेली.